शस्त्र घेऊन की शस्त्राविना: सैन्यात जाऊ पाहणाऱ्या ख्रिस्ती तरुणांसाठी दोन वाटांचा आढावा

सैन्यात जाण्याचा विचार करणारी आपल्या मंडळीतील (चर्चमधील) मुले-मुली मला गाठतात, तेव्हा ख्रिस्ती माणसाने सैन्यात जावे की नाही, असा सरसकट प्रश्न विचारतात. आपल्या देशात सक्तीची भरती नसल्यामुळे या प्रश्नाला अधिक नेमके रूप देणे शक्य आहे. नकार देणाऱ्याला येथे तुरुंगात जावे लागत नाही आणि जाणारा स्वतःच्या सहीने जातो. ज्याला सैन्यात पाऊलच ठेवायचे नाही, त्याची वाट सरळ आहे. मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १५२७ च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबापासून (श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यापासून) तलवारीला नकार देण्याची जी परंपरा जपली, तिच्याविषयी मला आदर आहे. पण ज्याला देशाची सेवा गणवेशातच करायची आहे आणि ख्रिस्ताचे शिष्यत्वही सोडायचे नाही, त्याच्यासमोर प्रत्यक्षात दोन दारे असतात: एक पायदळ, तोफखाना, चिलखती दल यांसारख्या लढणाऱ्या शाखांचे आणि दुसरे आर्मी मेडिकल कोअरचे किंवा लष्करी परिचर्या (नर्सिंग) सेवेचे. माझा चुलतभाऊ पहिल्या दाराने गेला, मी दुसऱ्या दाराने गेलो. आम्ही दोघेही नगरच्या एकाच मंडळीत वाढलो. ज्या शहरात १८३१ पासून मिशनचे काम आहे आणि चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही आहे, तेथे गणवेश आणि पवित्र शास्त्र एकाच घरात असण्याचे कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे विरोध घरून झाला नाही. जो झगडा होता तो आमचा आम्हांलाच सोडवायचा होता.

लढणाऱ्या शाखेची बाजू आधी मांडतो, कारण ती पुष्कळदा वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. यार्देन नदीच्या काठी शिपायांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारले की आम्ही काय करावे, तेव्हा त्याने त्यांना लुबाडणूक करू नका आणि पगारात समाधानी राहा एवढेच सांगितले. कफर्णहूमच्या शताधिपतीच्या (शंभर शिपायांवरील रोमी अधिकाऱ्याच्या) विश्वासाची येशूने जाहीर वाखाणणी केली, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात परराष्ट्रीयांसाठी मंडळीचे दार उघडले ते कर्नेल्य नावाच्या शताधिपतीच्याच घरात. नोकरी सोडून ये, असे यांपैकी कुणालाही सांगितलेले आढळत नाही. या मौनावर फार मोठी इमारत उभारू नये असे मला वाटते, कारण गुलाम बाळगणाऱ्यांनाही त्या काळी तसे स्पष्ट सांगितलेले दिसत नाही. तरीही हे मौन दुर्लक्षिण्यासारखे नाही. पौलाने रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्याच्या हातातील तलवारीला देवाच्या व्यवस्थेत जागा दिली. पुढे ऑगस्टीन या मंडळीच्या प्राचीन धर्मगुरूने बोनिफेस या रोमी सेनाधिकाऱ्याला लिहिले की, युद्ध शांतीसाठीच करावे आणि लढतानाही शांती करणाराच राहावे. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने न्याय्य युद्धासाठी योग्य सत्तेची आज्ञा, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू अशा तीन अटी घातल्या. लुथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाने आणि अँग्लिकन मंडळीच्या श्रद्धा-कलमांपैकी सदतिसाव्या कलमाने ख्रिस्ती माणसाला शस्त्र धारण करण्याची मोकळीक दिली. रोमन कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रामाणिक सैनिकाला राष्ट्रांच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक म्हटले, आणि त्याच ठिकाणी सदसद्विवेकाच्या कारणाने शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी, असेही म्हटले.

उदाहरणेही दूरची शोधावी लागत नाहीत. १९७१ च्या डिसेंबरात गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडलेले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले लान्स नायक अल्बर्ट एक्का हे उराँव आदिवासी ख्रिस्ती होते. १९९० ते १९९३ या काळात लष्करप्रमुख असलेले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज हे मुंबईत जन्मलेले, गोव्याच्या मुळाचे ख्रिस्ती. माझ्या चुलतभावाचा युक्तिवाद मात्र या नावांवर उभा नव्हता. तो म्हणे की सीमेवर कुणीतरी उभे राहणारच आहे. आपण नाही गेलो तर आपल्या वाट्याचे ओझे शेजारच्या आईचा मुलगा वाहील, आणि शेजाऱ्यावर प्रीती करा या आज्ञेशी ते कसे जुळते? या प्रश्नाला मला आजही पुरते समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

आता दुसरी बाजू. डोंगरावरील प्रवचनात वैऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञा आहे आणि गेथशेमाने बागेत पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले आहे, हे वाचकांना सांगायला नको. कमी परिचित आहे ती गोष्ट अशी की सुरुवातीच्या मंडळीने हा प्रश्न सरसकट सोडवला नव्हता. टर्टुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाने लिहिले की पेत्राला निःशस्त्र करून प्रभूने प्रत्येक सैनिकाचा तलवारीचा कमरपट्टा उतरवला. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थेवेस्ते येथे मॅक्सिमिलियन या तरुणाने भरतीला नकार दिला. ख्रिस्ती सैनिक सम्राटांच्या खास पथकातही आहेत, असे प्रांताधिकाऱ्याने त्याला सांगितले, तेव्हा त्यांचे त्यांना ठाऊक, मी ख्रिस्ती आहे आणि मला वाईट करता येत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन तो मरणाला सामोरा गेला. या काळातील मला सर्वांत उपयोगी वाटलेला दस्तऐवज म्हणजे हिप्पोलितस या प्राचीन धर्मगुरूच्या नावे चालत आलेले मंडळीचे नियम. त्यांत आधीपासून सैन्यात असलेल्याला मंडळीत घ्यावे, पण त्याने माणूस मारू नये, असे आहे. मंडळीत आल्यावर नव्याने सैन्यात जाऊ पाहणाऱ्याला मात्र नाकारावे, असेही आहे. म्हणजे सैन्यात असणे आणि मारणे या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या धरल्या जात होत्या.

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धात क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या तरुणांनी १९१४ मध्ये रुग्णवाहिकांचे पथक उभारले, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच पथकाची एक तुकडी हॉरेस अलेक्झांडर यांच्या नेतृत्वाखाली १९४२ मध्ये बंगालमध्ये येऊन चक्रीवादळग्रस्तांसाठी राबली. डेस्मंड डॉस हा सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट अमेरिकी सैनिक हाती बंदूक न घेता वैद्यकीय साहाय्यक म्हणून ओकिनावाला गेला. मे १९४५ मध्ये त्याने एका कड्यावरून सुमारे पंचाहत्तर जखमींना दोराने खाली उतरवले, आणि त्याला त्याच्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. हे उदाहरण आपल्याकडे तरुण संघाच्या शिबिरांत हमखास सांगितले जाते, म्हणून एक सावधगिरीची सूचना येथेच देतो. डॉससारखी बंदुकीला स्पर्शही न करण्याची मुभा आपल्याकडे गृहीत धरू नये. मेडिकल कोअरमध्येही प्राथमिक लष्करी प्रशिक्षण असते, आणि १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय कर्मचाऱ्याला स्वतःच्या व रुग्णांच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगता येते. ज्याला तेवढेही मान्य नसेल, त्याने गणवेशाबाहेरचे रुग्णालय निवडणे अधिक प्रामाणिक ठरेल.

आणखी एक अडचण हल्ली वारंवार पुढे येते. रेजिमेंटच्या धार्मिक परेडच्या वेळी प्रार्थनास्थळाच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याला २०२१ मध्ये सेवेतून काढण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती कारवाई कायम ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी हस्तक्षेप केला नाही. लढणाऱ्या शाखेत अधिकारी म्हणून जाणाऱ्याने हे प्रकरण अवश्य वाचावे, कारण तेथे जवानांच्या श्रद्धेत सहभागी होणे हा नेतृत्वाचा भाग मानला जातो. माझ्या अनुभवात लष्करी रुग्णालयात हा ताण पुष्कळच कमी जाणवतो. तरीही माझा निर्णय या मुद्द्यावर झाला नाही आणि इतरांनीही तो केवळ यावर करू नये असे वाटते. रीतीरिवाजांतून बहुतेकांना विवेकाने मार्ग काढता येतो. जीव घेण्याच्या प्रश्नातून तसा काढता येत नाही.

मला अडवले ते वेगळ्याच जागी. पाळकसाहेबांनी दिलेली पुस्तके घेऊन मी न्याय्य युद्धाची शिकवण मनापासून समजून घ्यायला बसलो होतो, कारण खरे सांगायचे तर तेव्हा माझा ओढा तोफखान्याकडे होता. ती शिकवण मला पटलीही. परंतु ती पटवून घेताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट टोचत राहिली: ही शिकवण युद्धायुद्धांत फरक करायला सांगते आणि सैन्याची शपथ तो फरक करण्याची जागाच ठेवत नाही. अक्वायनसच्या तीन अटी कोणत्यातरी विशिष्ट युद्धाला लावायच्या आहेत. पण शपथ घेणाऱ्या विशीतल्या मुलाला पुढच्या वीस वर्षांत कोणते युद्ध येणार आहे हे ठाऊक नसते. जमीन, समुद्र किंवा हवाई मार्गाने जेथे पाठवाल तेथे जाईन आणि जीव धोक्यात आला तरी आज्ञा पाळीन, असे तो आधीच बांधून घेतो.

मार्टिन लुथरने १५२६ मध्ये सैनिकांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत हा प्रश्न टाळलेला नाही. आपला राजा अन्यायाने लढतो आहे याची खात्री असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नये आणि परिणाम सोसावेत, खात्री नसेल तर आज्ञापालन करावे, असे तो सांगतो. ऑगस्टीनचा कल मात्र सैनिकाला आज्ञेच्या आड निर्दोष ठरवण्याकडे अधिक आहे. मी लुथरचा सल्ला स्वीकारू पाहिला, तर तो आजच्या नोकरीत कसा पाळायचा हे कळेना. राजीनामा स्वीकारणे न स्वीकारणे सरकारच्या हाती असते, आणि कारवाई सुरू झाल्यावर तो देऊन निघून जाणे हा मार्गच उरत नाही. कायदा सैनिकाकडून कायदेशीर आज्ञेचेच पालन मागतो, हे मान्य. कैद्यावर गोळी झाडायला सांगितले तर तो नकार देऊ शकतो. पण ही मुभा लढण्याच्या रीतीपुरती आहे. लढाईचे कारणच न्याय्य नाही असे वाटले, तर त्या नकाराला जागा नाही. सदसद्विवेकाने नकार देणाऱ्यांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतही सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये एका विशिष्ट युद्धापुरता नकार मान्य केला नाही. सैन्य चालवायचे तर असेच असावे लागेल, हे मला कळते आणि मी त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. तरीही ज्या शिकवणीच्या आधारावर मी शस्त्र उचलणार, तीच शिकवण पाळण्याची सोय शस्त्र उचलल्या क्षणी संपते, ही बाब माझ्या मनातून जाईना.

वैद्यकीय सेवेत नेमकी ही अडचण सुटते, किंवा निदान माझ्यापुरती सुटली. युद्ध कोणाचे आणि कशासाठी, याचे उत्तर काहीही येवो, जखमीचे रक्त थांबवणे योग्यच असते. त्यामुळे भविष्यातील युद्ध न पाहताच या कामाची शपथ घेता येते. जिनिव्हा करार तर एक पाऊल पुढे जाऊन सांगतो की उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय निकडीवर ठरावा, जखमी आपला की शत्रूचा यावर नाही. वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा कर्तव्याच्या यादीतच लिहून दिलेली असावी, असे सैन्यात दुसरे ठिकाण माझ्या पाहण्यात नाही. उत्तरेकडील एका रुग्णालयात असताना, चकमकीत पोटात गोळी लागलेला घुसखोर आणि मांडीला जखम झालेला आमचा जवान एकाच वेळी आले आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर आधी घुसखोराला घ्यावे लागले. जवानाचे साथीदार बाहेर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग मला समजत होता, आणि तरीही माझ्या हातांना काय करायचे याबद्दल मनात क्षणभरही दुमत नव्हते. या एका अनुभवाला पुरावा म्हणता येणार नाही, पण माझ्या मनाची शांती मी त्यावरून मोजतो.

आपल्या देशानेही कधीकाळी अशीच निवड केलेली आहे. कोरियन युद्धात भारताने लढाऊ फौज न पाठवता १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली साठावी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पाठवली. त्या तुकडीने सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांवरही उपचार केले.

या वाटेवरचे आक्षेप मी लपवत नाही. बरा केलेला जवान पुन्हा मोर्चावर जातो, म्हणजे डॉक्टरही युद्धयंत्रणेचा भाग असतो. पहिल्या महायुद्धात काही क्वेकरांनी रुग्णवाहिकेचे कामसुद्धा नाकारले ते याच कारणाने, आणि त्यांचे म्हणणे तर्काला धरून आहे. शिवाय रुग्णालयाभोवती पहारा असतो तो बंदूकधारी जवानाचाच, तेव्हा चुलतभावाचा तो जुना प्रश्न येथेही पाठ सोडत नाही. माझ्या सुरक्षिततेसाठी कुणीतरी ते ओझे वाहतो आहे, हे ओळखून त्याच्यासाठी प्रार्थना करणे आणि तो जखमी होऊन आला तर जिवाचे रान करणे, एवढेच माझ्या हाती आहे.

म्हणून निवडताना माझा सल्ला असा. आपल्या देशाकडून होणारी युद्धे सामान्यतः संरक्षणासाठीच असतील असा ज्याचा प्रामाणिक विश्वास आहे, आज्ञा देणाऱ्यावर तो निर्णय सोपवल्याने ज्याची प्रार्थना अडत नाही, आणि शत्रूला मारतानाही त्याच्याविषयी द्वेष न ठेवण्याची जबाबदारी ज्याला पेलते, त्याने लढणाऱ्या शाखेत निःसंकोच जावे. माझा भाऊ तसा आहे आणि प्रभुभोजनाच्या मेजावर मी त्याच्या शेजारी बसतो. पण तीन अटींचा विचार करताना मला टोचले तेच ज्याला टोचत असेल, त्याने वय हाती असतानाच वैद्यकीय प्रवेश परीक्षेची किंवा परिचर्या सेवेची तयारी धरावी. शाखा एकदा ठरली की ती बदलणे फार अवघड असते, त्यामुळे हा विचार भरतीच्या अर्जाआधी व्हायला हवा. तो करताना लढणाऱ्या शाखेतील एका आणि रुग्णालयातील एका ख्रिस्ती माणसाला वेगवेगळे भेटून, शपथ घेताना पुढच्या युद्धाबद्दल मनात काय होते, हे त्यांना जरूर विचारावे.