चोरून, सांगून की नुसतं विश्वासावर?

मुलाच्या हातात स्वतःचा फोन आला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लक्ष ठेवणारं ॲप गुपचूप टाकून ठेव, त्याला कळायचंही नाही. दुसरा म्हणतो, आपल्याच मुलावर विश्वास नको का ठेवायला? मुलाला सांगूनसवरून लक्ष ठेवणं हा तिसरा मार्ग बहुधा हे भांडण मिटवण्यापुरता पुढे येतो. माझ्या मते त्याची लायकी त्याहून बरीच जास्त आहे.

चोरून

दिसतं भरपूर. मेसेज, फोटो, काही ॲपमध्ये तर टाइप केलेलं अक्षर न् अक्षर. पण ही ॲप येतात कुठून ते बघा. लक्ष ठेवणारं ॲप लपवता येणार नाही, ते चालू असल्याची सूचना फोनवर सतत दिसली पाहिजे, असा गूगल प्ले स्टोअरचा नियम आहे. त्यामुळे लपून राहणारं ॲप बाहेरून आणावं लागतं आणि ते बसवताना बहुधा फोनचं स्वतःचं संरक्षणच बंद करायला सांगतात. शिवाय मुलाचं सगळं खाजगी एका तिऱ्हाईत कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडतं. अशा कंपन्यांकडची माहिती फुटून बाहेर गेल्याच्या घटना एकापेक्षा जास्त वेळा घडल्या आहेत.

खरी गोची मात्र पुढेच आहे. समजा रात्री तुम्ही वाचलं की मुलगी मैत्रिणीला लिहितेय, ‘मला शाळेत यावंसंच वाटत नाही.’ सकाळी ती बुटाच्या नाड्या बांधत असते. तुम्ही विचारता, ‘शाळेत सगळं ठीक ना गं?’ मान वर न करता ती म्हणते, ‘हो.’ ती खोटं बोलली हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे तिला माहीत नाही. आता पुढचं वाक्य काय बोलणार? माहिती हाती असून वापरता येत नाही. वापरलीत तर चोरी उघडी पडते आणि शाळेचा विषय बाजूला राहून भांडण तुमच्यावर येतं.

सांगून

गूगलचं फॅमिली लिंक किंवा ॲपलचं स्क्रीन टाइम अशी पालकांसाठीची सोय वापरली तर दिसतं पुष्कळच कमी. फॅमिली लिंकमध्ये कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते कळतं, नवीन ॲपला परवानगी देता येते, साइट अडवता येतात, फोन कुठे आहे ते दिसतं. मेसेज वाचता येत नाहीत. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती आणली, तिथे देखरेख सुरू केली तर गेल्या ७ दिवसांत मूल कुणाकुणाशी बोललं ते पालकांना दिसतं, काय बोललं ते नाही. अनेकांना हे अपुरं वाटतं. मला तेच सोयीचं वाटतं, कारण मुलाशी बोलताना थापा माराव्या लागत नाहीत. तुमच्या फोनचा स्क्रीनच त्याच्यासमोर धरता येतो.

‘म्हणजे तू माझे चॅट वाचणार?’

‘हे बघ ना, इथे चॅट दिसतच नाहीत. कुठलं ॲप किती वेळ, आणि तू कुठे आहेस, एवढंच.’

‘मी कुठे आहे ते कशाला?’

इथे ठोस उत्तर नसेल तर लोकेशन बंदच ठेवा. ‘असू दे गं, बरं असतं’ हे उत्तर मूल बरोबर ओळखतं.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरवाव्यात. दिसलेलं कुणाला सांगितलं जाणार नाही, मावशीलाही नाही आणि हसण्यावारीसुद्धा नाही. दुसरी जास्त अवघड: काही घाणेरडं किंवा भीतिदायक समोर आलं आणि त्याने येऊन सांगितलं, तर फोन काढून घेतला जाणार नाही. मुलं लपवतात ती बऱ्याचदा फोन जाईल या धास्तीने. हे वचन द्यायला सोपं आहे. पाळायची वेळ येते तेव्हा हात आपोआप फोनकडे जातो.

पळवाटा अर्थातच राहतात. मित्राचा फोन, दुसरं खातं.

नुसत्या विश्वासावर

या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. हाकन स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी स्वीडनमधल्या किशोरांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. आईवडिलांना मुलांबद्दल जे माहीत असतं, ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं, चौकशी किंवा बंधनं यांतून त्यामानाने थोडंच कळतं, असं त्यात दिसलं. पण तो अभ्यास किशोरांचा. आठ वर्षांच्या मुलाला काय सांगायला हवं हेच उमगलेलं नसतं. आणि ‘माझा विश्वास आहे’ याचा अर्थ कित्येक घरांत ‘मला वेळ नाही’ असा असतो, हेही मान्य करू या.

मग काय निवडावं?

दहाच्या आतल्या मुलाला ॲपसाठी परवानग्या आणि नको त्या साइट अडवणं, फार चर्चा न करता. अकरा ते चौदा हा सांगून लक्ष ठेवण्याचा काळ. यात काय कधी सैल होणार ते आधीच ठरवा, म्हणजे दर महिन्याला तंटा नको. पुढे ही देखरेख हळूहळू काढून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनेही २०२१ मध्ये हेच धोरण मांडलं: देखरेख प्रमाणात असावी आणि मुलाच्या वाढत्या समजेला धरून असावी.

चोरून बघण्याला मी एकच अपवाद धरते. अनोळखी मोठं माणूस भेटायला बोलावतंय, कुणी फोटोवरून धमकावतंय, मूल स्वतःला इजा करतंय, अशी दाट शंका असेल तर फोन उघडा आणि शक्यतो त्याच दिवशी मुलाला तसं सांगा.

आधीच गुपचूप ॲप टाकून बसला असाल, तर ते सापडायच्या आत तुम्हीच बोला. मूल चिडेल, रडेल, दोन दिवस बोलणार नाही. ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणू नका. ‘मला भीती वाटली होती’ म्हणा, ते खरंही आहे. मग त्याच्यासमोर ॲप काढा, फोन त्याच्याच हातात ठेवून.