जाड प्लास्टिक की कापडी पिशवी?

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला माझ्या दुकानात गर्दी उसळते आणि निम्मी गिऱ्हाइकं हात हलवत येतात. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीला बंदी आहे. जाड चालते, ओली सोलंही (कोकमाच्या साली) तिच्यातून गळत नाहीत. पण फुकट मिळालेली पिशवी, जाड असो वा पातळ, शेवटी कचऱ्यातच.

कापडी महाग पडते, पावसात भिजते. तरी मी तीच ठेवतो: दहा रुपये ठेव, पिशवी परत आणली की पैसे परत. सुरुवातीला लोक कुरकुरले. आता एक आजी उसवलेल्या बंदाला टाके घालून तीच पिशवी आणतात. सोलांना मात्र डबा आणा म्हणतो; तो लाल डाग काही केल्या जात नाही.