सोलवटणाऱ्या ओठांसाठी कोकम तेलाचा गोळा: एक परीक्षण

ओठांची सालपटे निघण्याचा त्रास थंडीपुरता असेल, तर त्यावर काय लावले याला फारसे महत्त्व नसते, कारण हवा बदलली की तो आपसूक जातो. बारमाही सोलवटणारे, चुरचुरणारे, आमटीचा पहिला घास घेताच झोंबणारे ओठ ही वेगळीच गोष्ट आहे आणि घरगुती उपायांची खरी परीक्षा तिथेच होते. माझे ओठ या दुसऱ्या प्रकारातले असल्यामुळे नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी सुचवलेले बहुतेक उपाय त्यांच्यावर होऊन गेले आहेत. त्या सगळ्यांतून माझ्याकडे टिकून राहिला तो सावंतवाडीच्या बाजारातून आणलेला कोकम तेलाचा गोळा. हे परीक्षण मुख्यतः त्याचे आहे आणि बाकीचे उपाय तुलनेपुरते येतील. माझे मत आधीच नोंदवतो: हे तेल ओठ बरे करत नाही, पण ओठांना स्वतः बरे होण्याइतका निवांतपणा देते, आणि घरात सहज मिळणाऱ्या इतर कोणत्याही तेला-तुपापेक्षा हे काम अधिक चांगले करते.

तळकोकणात याला मुठेल आणि गोव्यात भिरंडेल म्हणतात. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल आगळासाठी (कोकमाच्या खारवलेल्या घट्ट रसासाठी) आणि आमसुलांसाठी गेली की मागे उरलेल्या बिया वाळवतात, फोडून आतला गर कुटतात आणि तो पाण्यात उकळतात. वर तरंगणारे तेल काढून घेतले की निवताना ते घट्ट होते आणि मग मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळतात. बियांच्या वजनाच्या साधारण पाव भाग हा स्निग्धांश असतो. गोळा पांढुरका किंवा फिकट पिवळसर दिसतो, त्याला वास जवळजवळ नसतो आणि हातात घेतल्यावर तो तेलापेक्षा मेणाच्या जवळचा वाटतो. नखाने खरवडला तर त्याचा कोरडा चुरा पडतो. नुसत्या बोटाच्या दाबाने मऊ पडणारा, वनस्पती तुपासारखा चिकट गोळा कोणी पुढे केला तर तो घेऊ नये.

या कडकपणातच त्याचा उपयोग दडलेला आहे. ओठांच्या लाल भागावर त्वचेचा वरचा थर फार पातळ असतो आणि बाकीच्या त्वचेला तेलकट ठेवणाऱ्या ग्रंथी तिथे जवळजवळ नसतात, त्यामुळे ओठांतले पाणी गालावरच्या त्वचेपेक्षा कितीतरी लवकर उडून जाते. वरचा थर सुकतो, आकसतो, त्याला चिरा जातात आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. सुटलेला पापुद्रा ओढला की त्याबरोबर खालची अजून तयार न झालेली त्वचाही उघडी पडते. ती आणखी लवकर सुकते आणि हे चक्र चालू राहते. अशा ओठांना पाणी अडवून धरणारा एक साधा, निरुपद्रवी थर हवा असतो आणि तो जितका वेळ जागेवर टिकेल तितका चांगला. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांना वितळते, म्हणजे पुण्याच्या थंडीत बाटलीत गोठणारे हे तेल ओठांवर लावताच पातळ होऊन कोपऱ्यांकडे ओघळते आणि थोड्याच वेळात जिभेवर जाते. कोकम तेलाला वितळायला साधारण ४० अंश लागतात. ओठांच्या नुसत्या उबेने ते पूर्ण विरघळत नाही, चोळल्यावर मऊ होऊन पसरते आणि पुन्हा बसते. रात्री झोपताना लावलेला थर सकाळी बोटाला अजून जाणवतो, हा अनुभव मला खोबरेल तेलाने कधीच दिला नाही.

वापरण्याची पद्धत मात्र जरा शिकून घ्यावी लागते. गोळा थेट ओठांवर घासू नये, कारण तो कडक असतो आणि आधीच हुळहुळ्या झालेल्या त्वचेवर त्याचे दाणे बोचतात. सुरीच्या पात्याने हरभऱ्याच्या डाळीएवढा चुरा खरवडून तळहातावर घ्यावा, दुसऱ्या हाताच्या बोटाने तो गोल गोल चोळावा आणि दाणे जाऊन पारदर्शक झाला की ओठांवर टेकवत लावावा. ओठ किंचित ओले असताना, म्हणजे चूळ भरल्यावर हलकेच टिपून लगेच लावले, तर असलेले पाणी आतच राहते. कोरड्याठाक ओठांवर लावलेला थर फक्त कोरडेपणा झाकतो. जेवणाआधी पातळ थर लावला तर मिरचीचा आणि आंबटाचा झोंबणारा त्रास बराच कमी होतो, आणि माझ्या मते रात्रीच्या वापराइतकाच हा वापर मोलाचा आहे, तरी तो फारसा कोणी सांगत नाही.

गावठी गोळ्यात दोन दोष सर्रास आढळतात. पहिला रवाळपणाचा: तेल सावकाश निवले की त्यात दाणे धरतात. गोळ्याचा तुकडा वाटीत घेऊन गरम पाण्यात वितळवावा आणि वाटी लगेच थंड पाण्यात ठेवावी, म्हणजे पोत बराच सुधारतो. दुसरा दोष गाळण्याचा. काही गोळ्यांत कुटलेल्या गराचे तपकिरी कण राहिलेले असतात. टाचांच्या भेगांत पळीने गरम तेल सोडणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही, पण ओठांना ते कण टोचतात, म्हणून वितळवले की मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावे. हे सोपस्कार ज्यांना नको असतील त्यांच्यासाठी हे उत्पादन नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मी त्यात थोडे खोबरेल तेल मिसळून छोट्या डबीत ओततो. त्यामुळे ते बोटाने उचलण्याइतके मऊ राहते, पण टिकण्याचा गुण थोडा घटतो.

तुलनेत तूप दुसरे येते. चांगल्या कढवलेल्या तुपात पाणी राहत नाही, त्यात सुगंधी द्रव्ये नसतात आणि ते झोंबत नाही. त्याची अडचण चवीची आहे. तूप लावलेल्या ओठांवरून जीभ फिरतेच, आणि ओठ चाटणे हे या त्रासाच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी सर्वांत मोठे आहे. लाळ उडून जाताना ओठांतला ओलावा सोबत नेते आणि तिच्यातली पाचक द्रव्ये सोललेल्या त्वचेला चुरचुरवतात. लहान मुलांच्या तोंडाभोवती जो लालसर गोल उमटतो तो याच सवयीचा. याउलट कोकम तेलाला चव नाही, आणि ओठांच्या बाबतीत मी हा त्याचा गुणच मानतो. लोणी किंवा दुधाची साय लावणाऱ्यांचे मला नवल वाटते, कारण दोन्हींत दुधाचे अंश आणि पाणी असते, ती ओठांवर आंबतात आणि वास मारतात.

शतधौत घृताचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागेल. तांब्याच्या ताटात तूप घेऊन ते पाण्याने पुन्हा पुन्हा, परंपरेने शंभर वेळा, फेसून धुतात, तेव्हा त्याचे पांढरेशुभ्र, हलके, गार मलम होते. ओठांची आग होत असेल त्या दिवशी त्याच्यासारखा आराम दुसऱ्या कशाने वाटत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्यात पाणी कोंडलेले असल्यामुळे घरी केलेले घृत फार टिकत नाही, आणि ओठांवर ते कोकम तेलाइतके दमदार बसत नाही. आग शमवायला घृत आणि ती शमल्यावर कोकम तेल, अशी वाटणी मला पटते.

राहिली पेट्रोलियम जेली. अमेरिकेत रॉबर्ट चेझब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही वस्तू घरगुती म्हणावी की नाही, यावर वाद घालता येईल, पण ती बहुतेक घरांत असते. पाणी अडवण्याच्या कामात ती कोकम तेलापेक्षा सरस आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिच्यात ॲलर्जी उठवण्यासारखे जवळजवळ काही नसते आणि त्वचारोगतज्ज्ञ आधी तिचेच नाव घेतात. ती चिकट वाटते आणि कपाला, पेल्याला पुसली जाते, एवढाच तिचा उणेपणा. ज्यांना तो चिकटपणा चालतो त्यांनी बिनवासाची, बिनरंगाची साधी जेली घ्यावी आणि कोकमाच्या मागे धावू नये. मला तो चिकटपणा सारखी जीभ फिरवायला लावतो, म्हणून माझी पसंती कोकमाला.

मधाबद्दल थोडक्यात: तो ओलावा धरून ठेवतो हे खरे, पण गोड असल्यामुळे चाटला जातो, आणि वर्षाच्या आतील बाळाला तर तो अजिबात लावू नये. लिंबू आणि साखरेने ओठ घासणे हा सोललेल्या त्वचेवरचा निव्वळ अत्याचार आहे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी काळवंडू शकते, ते आणखी वेगळे. कोरफडीच्या पानातून आधी निघणारा पिवळा चीक धुतला नाही तर तोच त्वचेला चुरचुरवतो. बेंबीत तेल घालण्याच्या उपायाला माझा विरोध नाही, पण नाळेतल्या रक्तवाहिन्या जन्मानंतर बंद होतात, त्यामुळे ते तेल बेंबीतून ओठांपर्यंत पोहोचण्याची वाटच उरलेली नसते.

कोकमाचे नाव असलेल्या बाजारी लिप बामांविषयीही लिहायला हवे. मी घेतलेल्या एका बामच्या वेष्टनावर रातांब्याचे सुरेख चित्र होते, आणि आतल्या यादीत कोकमाच्या पुढे-मागे पुदिन्याचा अर्क, कापूर व कृत्रिम सुगंध होता. लावताच गारवा वाटायचा आणि थोड्या वेळाने ओठ आधीपेक्षा कोरडे पडायचे, म्हणून पुन्हा लावावे लागायचे. पुदिना, कापूर, दालचिनी ही द्रव्ये सोलवटलेल्या ओठांना चिथावतात, हे लक्षात ठेवून यादी वाचावी. लिप बामची नळी साधारण ४ ते साडेचार ग्रॅमची असते आणि त्यापेक्षा स्वस्तात मोठा गोळा मिळतो, तो कितीतरी काळ पुरतो.

मात्र ओठांवर काय लावतो यापेक्षा ओठांना काय लागते, याचा शोध अधिक फळ देतो, आणि कोकम तेलाचे मूल्यमापनही त्याशिवाय नीट होत नाही. टूथपेस्टमधला झणझणीत पुदिना आणि भरपूर फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट अनेकांना सोसत नाही. सौम्य, बिनफेसाची पेस्ट वापरून काही आठवडे पाहावे. उन्हाळ्यात कोकणात आंबे चोखून खाणाऱ्यांना ओठांभोवती पुरळ उठते ते देठाकडच्या चिकामुळे आणि सालीमुळे. अशांनी आंबा धुऊन, साल काढून, फोडी करून खावा. मशेरी लावणाऱ्यांनी किंवा चुना-तंबाखू खाणाऱ्यांनी ती सवय चालू ठेवून ओठांना कोणतेही तेल लावले तरी ते वाया जाणार. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ सुकणारच. तेव्हा कोकम तेल लावावे, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

जिथे कोकम तेलाचा उपयोग नाही ती ठिकाणेही ओळखता आली पाहिजेत. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडून त्या पांढुरक्या, ओलसर राहत असतील तर तिथे अनेकदा बुरशीचा संसर्ग असतो किंवा शरीरात लोहाची, ब जीवनसत्त्वाची कमतरता असते. तिथे तेलाचा थर लावून बसण्यात वेळ जातो. खालच्या ओठावर एकाच जागी खरखरीत चट्टा, न भरणारी जखम किंवा वारंवार येणारे रक्त असेल, विशेषतः वर्षानुवर्षे उन्हात काम करणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाला, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्वरित डॉक्टरांना दाखवावे, कारण हे कर्करोगाच्या आधीचे लक्षण असू शकते. कारणे टाळून आणि दोन-तीन आठवडे नुसता साधा थर देऊनही सालपटे थांबत नसतील, तर त्वचारोगतज्ज्ञ ॲलर्जीची पॅच चाचणी करून नेमके कारण शोधू शकतात.

खरेदीपुरते एवढेच की सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन असले, तरी बाजारात कागदात गुंडाळून मिळणाऱ्या गोळ्यावर कसलीही चिठ्ठी नसते. विक्रेत्याला तेल गाळलेले आहे का आणि ते पुरते कढवून पाणी काढले आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत, कारण पाण्याचा अंश राहिलेला गोळा पावसाळ्यात बुरसतो. घरी आणल्यावर लहानसा तुकडा वितळवून पाहावा. तडतड ऐकू आली तर आत अजून पाणी आहे, ती थांबेपर्यंत मंद आचेवर ठेवावा, गाळावा आणि कोरड्या डबीत भरावा.