बायनरी ताऱ्यांसाठी एसपीएच कोड: काही महिने वापरल्यावर

परवा रात्री क्लस्टरवर लावलेला सिम्युलेशनचा जॉब परत मेला, म्हणून लिहायला बसलोय. एसपीएच (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स) म्हणजे वायूचे कण पाडून त्यांची हालचाल कंप्युटरवर मोजायची, १९७७ पासूनची पद्धत आहे, आणि बायनरी म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी, यापुढे सांगत बसत नाही.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे, रिलॅक्सेशन, म्हणजे खरा रन सुरू करायच्या आधी ताऱ्यांना शांत करून घेणं. सेटअप स्क्रिप्ट वस्तुमान, त्रिज्या, अंतर विचारते आणि दोन गोल गरगरीत तारे कक्षेत सोडून मोकळी होते. अरे पण इतके जवळचे तारे गोल नसतात ना, एकमेकांच्या ओढीने लांबट झालेले असतात! मग ती ओढ पहिल्याच क्षणी एकदम बसते, दोघं धडधडायला लागतात, पृष्ठभागावरचे कण उडतात, आणि आमच्या व्हर्जनमध्ये सगळ्यांना एकच टाइमस्टेप (हिशोबाचं एक पाऊल किती वेळाचं ते) असल्यामुळे एखादा वात्रट कण अख्खा रन रांगायला लावतो. उपाय आहे, ताऱ्यांसोबत फिरणाऱ्या फ्रेममध्ये डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला ब्रेक, लावायचं, अंतर हळूहळू कमी करत आणायचं, मग डॅम्पिंग काढायचं. पण किती वेळ? मॅन्युअल म्हणतं ‘पुरेसा वेळ’. सूर्यासारख्या ताऱ्याचा डायनॅमिकल टाइम (धक्का बसल्यावर तारा प्रतिसाद द्यायला साधारण जेवढा वेळ घेतो तो) साधारण २७ मिनिटं, त्याच्या पटीत मोजा एवढं तरी लिहायचं की राव. मी आता गतिज ऊर्जेचा ग्राफ बघूनच ठरवतो.

कण वाढवा म्हणणाऱ्यांनी बिल भरावं. कण आठपट केले की रिझोल्यूशन दुप्पट, टाइमस्टेप निम्मा, म्हणजे खर्च सोळापट, आणि कोअर-अवर (प्रोसेसर वापराचे तास) काय झाडाला लागत नाहीत. बरं, एक लाख कणांत सूर्याएवढा तारा केला तर एकेक कण तीन पृथ्व्यांहून जड, रोश लोबमधून (ताऱ्याच्या स्वतःच्या ओढीच्या हद्दीतून) निघून दुसऱ्या ताऱ्याकडे जाणारी बारीक धार असल्या ढेकळांनी काय दिसणार? एकेक कण टपकतो, बस.

एवढं असूनही ग्रिड कोडकडे (कणांऐवजी जागेची जाळी पाडून हिशोब करणाऱ्या) जायचा बेत मी रद्द केलाय. नीट शांत केलेली जोडी चालवली तर अँग्युलर मोमेंटमचा (कोनीय संवेगाचा) ग्राफ सरळ आडवी रेष, कितीही फेऱ्या होऊ देत. ग्रिडवर तारे जाळीतून तिरके सरकले की कक्षा आकडेमोडीच्या चुकांनीच बिघडत जाते, शिवाय रिकाम्या जागेत खोटा विरळ वायू भरावा लागतो. इथे रिकाम्या जागेला खर्च शून्य, हे मात्र मला फार आवडलं.

तारे एकमेकांत मिसळताना बघायचे असतील तर बिनधास्त घ्या, हळू मास ट्रान्सफरसाठी (एका ताऱ्यातला वायू दुसऱ्यावर थोडा थोडा जाणं) नका घेऊ. आणि रिलॅक्स झालेली फाइल जपा, माझी दोन-तीन डिस्कवर आहे, मागितली तरी फुकट देणार नाही.