रडारस्कोप: वादळाची दिशा ओळखायला मदत करणारे ॲप

उत्तर टेक्ससमध्ये नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे वसंत ऋतूत हमखास विचारतात की, टॉर्नेडोच्या, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या गरगरत्या वाऱ्याच्या, इशाऱ्याचा भोंगा वाजला तर वादळ आपल्याकडे येते आहे की बाजूने निघून जाते आहे, हे कळायचे कसे? फोनमधल्या फुकटच्या हवामान ॲपमध्ये याचे नीट उत्तर मिळत नाही, कारण अनेक रडारांची माहिती एकत्र करून, गुळगुळीत करून दाखवताना नेमके महत्त्वाचे बारकावे पुसले जातात. 'रडारस्कोप' हे विकतचे ॲप मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या ज्या रडारची निवड आपण करू, त्याने मोजलेली माहिती जवळपास जशीच्या तशी समोर ठेवते, आणि माझ्या मते त्याची किंमत तेवढ्यानेच वसूल होते.

सुरुवातीला दिसते ते परावर्तनाचे चित्र, म्हणजे पाऊस आणि गारा कुठे व किती जोराच्या आहेत ते. सुपरसेल जातीच्या, म्हणजे आतून सतत फिरत असलेल्या मोठ्या वादळात याच चित्राच्या नैर्ऋत्य बाजूला हुकासारखा वळलेला भाग दिसू लागला की लक्ष तिथे ठेवावे. पण खरी गोष्ट कळते ती वेगाच्या चित्रात. वादळाची स्वतःची गती वजा करून काढलेल्या या चित्रात रडारकडे येणारा वारा हिरवा आणि दूर जाणारा वारा लाल दिसतो. चित्र पुरेसे मोठे केले आणि भडक हिरव्या चौकोनांना अगदी खेटून भडक लाल चौकोन दिसले, तर तिथे हवा गरगर फिरते आहे असे समजावे. त्याच ठिकाणी सहसंबंध गुणांकाच्या, म्हणजे झोतात सापडलेल्या वस्तू किती एकसारख्या आहेत हे दाखवणाऱ्या चित्रात अचानक घसरलेल्या मूल्यांचा डाग उमटला, तर बहुधा टॉर्नेडो जमिनीवर उतरलेला असून पत्रे, लाकडे, झाडांच्या फांद्या हवेत उडत आहेत. रात्रीच्या काळोखात किंवा पावसाच्या पडद्याआड, डोळ्यांना काहीच दिसत नसताना, ही खूण अमोल आहे. 20 ऑक्टोबर 2019 रोजी डॅलसच्या उत्तर भागातून गेलेला ईएफ-3 (नुकसानीवरून ठरणाऱ्या 0 ते 5 या श्रेणीतला) टॉर्नेडो रात्रीच आला होता.

आता दिशेविषयी. ॲपमध्ये वादळांचे मार्ग दाखवण्याची सोय सुरू केली की प्रत्येक मोठ्या वादळापुढे त्याचा अपेक्षित मार्ग रेषेने दिसतो. ही सोय उपयोगी आहे, पण ती रेषा म्हणजे गेल्या काही निरीक्षणांवरून पुढे ओढलेला अंदाज असतो. इथली बहुतेक वादळे वरच्या थरांतल्या वाऱ्यांबरोबर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात हे खरे. मात्र जोमदार सुपरसेल अनेकदा त्या वाऱ्याच्या उजवीकडे वळतो आणि त्याचा वेगही मंदावतो. 26 डिसेंबर 2015 रोजी डॅलसजवळच्या गारलंड आणि रौलेटमधून गेलेला ईएफ-4 टॉर्नेडो उत्तर-ईशान्येकडे सरकत गेला. त्यात 10 जण दगावले, आणि त्यांतले बहुतेक वाहनांत होते. 27 मे 1997 रोजी मध्य टेक्ससमधल्या जॅरेलमध्ये तर टॉर्नेडो नैर्ऋत्येच्या अंगाला, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने गेला आणि 27 माणसे मेली. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातल्या एल रीनोजवळचा टॉर्नेडो आधी आग्नेयेकडे, मग पूर्वेकडे आणि नंतर ईशान्येकडे वळला. त्याची रुंदी 2.6 मैलांपर्यंत गेली, आणि टिम समारास यांच्यासारखे मुरलेले संशोधकही त्यात सापडून दगावले. म्हणून रेषेवर विसंबण्यापेक्षा मागच्या अर्ध्या तासाचा लूप, म्हणजे ओळीने येणारी चित्रे, फिरवून फिरत्या भागाचा प्रवास स्वतः पाहावा, आणि तो आपल्या घराच्या उजव्या-डाव्या बाजूने थोडक्यात जाणार असे वाटले तरी आसरा घ्यावाच.

लांब लूप आणि विजांच्या नोंदी यांसाठी वार्षिक वर्गणी भरावी लागते. माझ्या मते वादळी भागात राहणाऱ्यांनी ती भरावी. डॅलसच्या विमानतळांसाठी बसवलेली रडारेही इथे निवडता येतात, आणि धोक्याच्या वेळी ती खालच्या थराचे चित्र साधारण दर मिनिटाला ताजे करतात.

काही मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. रडारचा झोत दूर जाताना उंच होत जातो. 100 किलोमीटरवर सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो, त्यामुळे अगदी खालच्या थरातले फिरणे त्यात सुटू शकते. शिवाय पडद्यावरचे चित्र काही मिनिटे जुने असते, आणि ताशी 40 मैलांनी धावणारे वादळ तेवढ्यात दोन-तीन मैल पुढे आलेले असते. चित्रांचा अर्थ ॲप समजावून सांगत नाही, तो आपल्यालाच शिकावा लागतो. तो शांत हवेच्या दिवसांत शिकावा. इशाऱ्याची लाल हद्द घरावर आली की मात्र ॲप खिशात ठेवून, तळमजल्यावरच्या, बिनखिडकीच्या, आतल्या खोलीत जावे, आणि झोपेत जाग यावी म्हणून बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ उशाशी वेगळा ठेवावा.