रेसच्या घोड्यांच्या सिंडिकेटमधील हिस्सा: मोसमभराचा अनुभव आणि एक धावपळीचा आठवडा

इंग्लंडमध्ये यंदाच्या फ्लॅट (म्हणजे अडथळ्यांविना शर्यतींच्या) मोसमाच्या सुरुवातीला मी एका सिंडिकेटमध्ये छोटा हिस्सा घेतला. अनेक सभासदांच्या सामाईक मालकीचे मोजके घोडे, ते सांभाळणारे दोन ट्रेनर आणि सगळा कारभार पाहणारा एक व्यवस्थापक, अशी त्याची रचना आहे. ट्रेनरची फी, नालबंदी, पशुवैद्य, विमा, वाहतूक, प्रवेशशुल्क आणि जॉकीचे मानधन हे सर्व धरून वर्षाची वर्गणी एकरकमी घेतली जाते आणि मध्येच वेगळे बिल येत नाही. महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेसेस पाहत आलेल्या काही मित्रांनी हे घेण्यासारखे आहे का, असे विचारले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. काही तक्रारी माझ्याही आहेत आणि त्या एका सभासदाच्या अनुभवापुरत्या असल्यामुळे सिंडिकेटचे नाव येथे देत नाही.

पैशांचा हिशेब आधी सांगतो. ब्रिटनमध्ये एक घोडा ट्रेनिंगमध्ये ठेवायला वर्षाला वीस-पंचवीस हजार पौंड सहज लागतात आणि क्लास ५ किंवा क्लास ६ च्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या शर्यतीत पहिले बक्षीसही काही हजार पौंडांचेच असते. त्या बक्षिसातून ट्रेनर, जॉकी आणि तबेल्यातील कामगार यांचा वाटा आधी जातो, मग उरलेले सभासदांत विभागले जाते. त्यामुळे याकडे गुंतवणूक म्हणून पाहू नये. आमच्या करारपत्रात हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते, ही गोष्ट मला आवडली. वर्गणीच्या बदल्यात पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, उभे राहण्याची संधी मिळते, सकाळी तबेल्यावर जाऊन घोड्यांची गॅलप (सरावाची दौड) पाहता येते आणि घोड्यांविषयीची माहिती सतत मिळत राहते. माझ्या मते यातली माहिती हीच सर्वांत मोलाची आहे, आणि तिचा कस एकापाठोपाठ एक घोडे धावतात त्या आठवड्यात लागतो. असा एक आठवडा ऑगस्टमध्ये आला.

ज्यांना येथील पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. ब्रिटनमध्ये ५९ रेसकोर्स आहेत आणि जवळजवळ रोज कुठेतरी रेसेस असतात. फ्लॅट शर्यतीसाठी साधारण पाच-सहा दिवस आधी दुपारी प्रवेश बंद होतात, तर घोडा नक्की धावणार का हे शर्यतीच्या दोन दिवस आधी सकाळी १० वाजेपर्यंत जाहीर करावे लागते. जॉकीचे नाव आणि ड्रॉ, म्हणजे सुरुवातीच्या गेटमधील जागेचा क्रमांक, त्यानंतर कळतात. साहजिकच एका घोड्याची नोंद दोन-तीन ठिकाणी करून ठेवतात. सभासदाला ‘प्रवेश घेतला आहे’ आणि ‘घोडा धावणार आहे’ यांतला फरक वेळेवर आणि नीट समजावून सांगणारा व्यवस्थापक असेल तर रजा, गाडी, तिकीट या सगळ्याचा मेळ बसतो.

सोमवारी संध्याकाळी विंडसरला आमची तीन वर्षांची फिली (तरुण घोडी) सहा फर्लांगांच्या, म्हणजे सुमारे १,२०० मीटरच्या हँडिकॅपमध्ये (घोड्याच्या रेटिंगनुसार कमी-जास्त वजन दिलेल्या शर्यतीत) धावली. तिच्यावर ९ स्टोन २ पौंड, म्हणजे जवळपास ५८ किलो वजन होते. सकाळीच आलेल्या निरोपात ट्रेनरचे म्हणणे दिले होते: कडक जमीन तिला मानवते, पण गेटमधून ती थोडी उशिरा निघते, म्हणून जॉकीला सुरुवातीला घाई न करण्याच्या सूचना आहेत. शर्यत तशीच झाली. शेवटच्या फर्लांगात ती बाहेरून आली आणि एका मानेच्या अंतराने दुसरी आली. मी पॅडॉकमध्ये होतो. खोगीर उतरवताना जॉकीने ट्रेनरला सांगितलेले चार शब्द कानांवर पडले: “सात फर्लांगही धावेल ही.” घामाने काळपट झालेल्या तिच्या मानेवरून हात फिरवणारी तिची देखभाल करणारी मुलगी त्या वाक्यावर ज्या अभिमानाने हसली, ते पाहणे मला बक्षिसाइतकेच महत्त्वाचे वाटले. सविस्तर वृत्त त्याच रात्री आले आणि त्यात सात फर्लांगांच्या पुढच्या दोन संभाव्य शर्यतींची नावेही होती.

बुधवारी केम्प्टनला नेमके उलटे घडले. तेथे पॉलिट्रॅक आहे, म्हणजे वाळू, कृत्रिम धागे आणि मेण यांच्या मिश्रणाची धावपट्टी, त्यामुळे पाऊसपाण्याचा प्रश्न फारसा येत नाही. परंतु एक मैलाच्या शर्यतीत बाहेरचा ड्रॉ लागला तर वळणावर लांबचा पल्ला पडतो किंवा मागे राहून आत यावे लागते. आमच्या गेल्डिंगला (खच्ची केलेल्या घोड्याला) अगदी बाहेरचा ड्रॉ मिळाला, पुढच्या घोड्यांनी वेग मंद ठेवला, आणि मागे अडकलेला हा घोडा अखेरपर्यंत पुढे सरकलाच नाही. यावर त्या रात्री सिंडिकेटकडून एक अक्षरही आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते एक वाक्य: ‘निराशाजनक, पण ड्रॉने घात केला.’ घोडा जिंकल्यावर रात्री अकराला लिहिता येते, तर हरल्यावरही आले पाहिजे. मी हे व्यवस्थापकाला तसेच्या तसे लिहून कळवले. त्यानंतर दोन दिवसांनी जे उत्तर सर्व सभासदांना आले ते मात्र उत्तम होते. परतल्यावर पशुवैद्याने एन्डोस्कोपीने श्वासनलिका तपासली होती, तिच्यात बराच श्लेष्मा आढळला, उपचार सुरू केले आहेत आणि किमान तीन आठवडे त्याला कोठेही उतरवणार नाही, असे त्यात सविस्तर होते. ड्रॉ हे कारण अपुरे आहे हे मान्य करून खरे कारण शोधणारा तबेला मला जिंकणाऱ्या तबेल्याइतकाच मोलाचा वाटतो.

गुरुवारी सकाळी यॉर्कचा निर्णय व्हायचा होता. तेथील ऑगस्टमधल्या एबोर या रेसिंग महोत्सवातील शनिवारच्या एका मोठ्या हँडिकॅपमध्ये आमच्या सर्वांत वेगवान घोड्याची नोंद होती. अशा शर्यतीत जागा मर्यादित असतात आणि कमी रेटिंगचे घोडे यादीच्या तळाला राहून वगळले जातात. व्यवस्थापकाने हे प्रवेश बंद झाले त्या दिवशीच लिहिले होते: यादीत आपण खूप खाली आहोत, वरचे बरेच जण गळल्याशिवाय जागा मिळणार नाही, तेव्हा हॉटेल आरक्षित करू नका. आणि घोडा वगळला गेलाच. नेव्ह्समायरवर, म्हणजे यॉर्कच्या रेसकोर्सवर, आपले रंग (जॉकीचा पोशाख) पाहायला मिळाले नाहीत याचे वाईट वाटले, परंतु एकाही सभासदाचा पैसा वाया गेला नाही.

शुक्रवारी न्यूमार्केटच्या जुलै कोर्सवर दोन वर्षांच्या शिंगराचे पदार्पण होते. ते सहावे आले आणि अर्ध्या वाटेपर्यंत त्याला काय करायचे ते कळत नव्हते. पहिल्या शर्यतीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये, हे आधीच सांगितलेले होते.

शनिवारी गुडवूडला पहाटेपासून पाऊस लागला. ससेक्सच्या डोंगरमाथ्यावरचा हा रेसकोर्स सुंदर आहे, पण धावपट्टी काही तासांत ‘गुड’वरून ‘सॉफ्ट’ (ओली, मऊ) झाली आणि कडक जमिनीवर धावणारी आमची दुसरी एक घोडी मागे घेण्यात आली. काही सभासद तोपर्यंत घरातून निघालेले होते आणि ते नाराज झाले. मी स्वतः तेथे जाणार होतो, तरी हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. गेल्या मोसमात चिखलात धावल्यावर तिच्या पुढच्या पायाला सूज आली होती हे सर्वांना ठाऊक होते. पाच मिनिटांच्या हौसेसाठी मुक्या जनावराचा पाय पणाला लावणाऱ्या गटात मी एक दिवसही राहणार नाही. निरोप सकाळी लवकर आला, त्यात धावपट्टीचे अधिकृत वर्णन आणि ट्रेनरशी झालेले बोलणे होते. मागच्या निरोपांपेक्षा हा जास्त काळजीपूर्वक लिहिलेला होता.

दोन व्यावहारिक गोष्टी नवख्यांना आधी माहीत असाव्यात. पहिली म्हणजे टीव्ही. विंडसर एका वाहिनीवर दिसते, तर केम्प्टन, न्यूमार्केट आणि गुडवूड दुसऱ्या, वेगळे शुल्क घेणाऱ्या वाहिनीवर. सगळे घोडे थेट पाहायचे तर हा खर्च वर्गणीच्या बाहेरचा आहे आणि तो कोठेही सांगितला गेला नव्हता. दुसरी म्हणजे मालकांचे बॅज, म्हणजे मालक म्हणून मिळणारे प्रवेशपास. ते प्रत्येक धावणाऱ्या घोड्यामागे ठरावीक असतात, सभासद जास्त असतात, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या जातात. आमच्याकडे चिठ्ठीत नाव न आलेल्याला पुढच्या वेळी प्राधान्य मिळत नाही, ही मला अन्यायाची बाब वाटते.

सट्ट्याबाबत एक स्पष्ट सांगायला हवे. ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटीच्या नियमांनुसार स्वतःच्या घोड्याच्या पराभवावर पैसे लावायला मालकाला मनाई आहे, आणि तबेल्यातील खासगी माहिती बाहेर विकणे हाही गुन्हा मानला जातो. घोड्याच्या श्वासनलिकेत श्लेष्मा आहे हे आपल्याला पशुवैद्याकडून कळते, तेव्हा हा नियम किती आवश्यक आहे ते समजते. ‘टिप’ मिळेल या आशेने कोणी हिस्सा घेणार असेल तर घेऊ नये.

मित्रांना माझा सल्ला असा की, हिस्सा घेण्यापूर्वी जिंकलेल्या शर्यतींची यादी मागण्यापेक्षा एखाद्या हरलेल्या आठवड्यात सभासदांना गेलेले निरोप वाचायला मागा. वर्षअखेरीस घोडा विकला तर पैसे कसे वाटले जातात, तो धावण्यायोग्य राहिला नाही तर निवृत्तीनंतर कोठे जातो आणि तो खर्च कोण करतो, हेही लेखी विचारा. आमच्याकडे या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर करारात आहे, आणि पुढच्या मोसमासाठी मी हिस्सा पुन्हा घेतला त्याचे मोठे कारण तेच आहे. फिलीचे रेटिंग त्या विंडसरच्या शर्यतीनंतर दोन पौंडांनी वाढले (म्हणजे हँडिकॅपमध्ये तिला तेवढे जास्त वजन वाहावे लागेल) असून तिची सात फर्लांगांची नोंद झाली आहे.