गाडीच्या टपावरचा, घरी बनवलेला शॉवर: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या आठ महिन्यांतल्या प्रवासांत या शॉवरखाली माझ्या तीसेक अंघोळी झाल्या असतील. बायकोच्या थोड्या कमी, कारण पहिले दोन महिने तिचा त्याच्यावर अजिबात विश्वास नव्हता. आणि तिचं बरोबर होतं. आज जो शॉवर आम्ही वापरतो तो मी मुळात बनवलेला शॉवर नाहीच. त्याचा निम्मा भाग मी मध्येच काढून टाकला, तेव्हा कुठे तो कामाचा झाला.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. सांडपाण्यासाठी वापरतात तो ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, लांबी दीड मीटर. दोन्ही टोकांना एंड कॅप. एका टोकाला वरच्या बाजूने आट्यांचं मोठं झाकण, ज्यातून पाणी भरायचं. दुसऱ्या टोकाला तळाशी अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी सोडायची चावी, आणि त्याला नळी. बाहेरून काळा मॅट रंग. हे सगळं गाडीच्या टपावरच्या कॅरिअरला तीन पट्ट्यांनी आवळलेलं. आतली पोकळी साधारण १०४ मिलिमीटरची धरली तर साडेबारा लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे पाइपासकट टपावर पंधरा-सोळा किलो वजन. कॅरिअर किती वजन झेपवू शकतं ते आधी बघा, कारण खड्ड्यात गाडी आपटली की तेच वजन कितीतरी पटींनी बसतं.

मूळ आराखड्यात आणखी एक गोष्ट होती, जिचा मला फार अभिमान होता. एका कॅपला भोक पाडून मी टायरचा व्हॉल्व्ह बसवला होता. सायकलच्या पंपाने हवा भरायची, दाब तयार होणार आणि घरच्यासारखा जोरदार फवारा येणार. आला पण. पहिलं मिनिट.

मग व्हायचं असं. पाइपात आठ लिटर पाणी आणि वर चार लिटर हवा. हवा भरून दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट केला. पाणी बाहेर जाऊ लागलं की आतल्या हवेला जागा मिळते. चारची आठ लिटर झाली की दाब बाहेरच्याइतकाच उरतो. म्हणजे आठातलं चार लिटर पाणी गेलं की फवाऱ्यातला जीव संपला. गणित शाळेतलंच आहे, पण ते मला डोळ्यांत शाम्पू गेल्यावर समजलं. मी पडद्याआडून ओरडतोय, "अगं, हवा मार!" आणि ती बाहेर सायकलचा पंप घेऊन टायरवर चढलेली. त्या दिवशी तिने मला एवढंच विचारलं, "यापेक्षा बादली काय वाईट होती?"

दाबाचा नाद सोडला तो मात्र या फजितीमुळे नाही. एका कडक उन्हाच्या दुपारी गाडीजवळ उभा होतो आणि सहज वर लक्ष गेलं. दोन पट्ट्यांच्या मधे पाइपाला पोट आलं होतं. फार नाही, बोटभर. हात लावला तर चटका बसला. पीव्हीसी तापलं की मऊ पडतं हे माहीत होतं, किती ते नंतर वाचलं: ६० अंश सेल्सिअसला त्याची दाब सोसण्याची ताकद साध्या तापमानाच्या पाचव्या हिश्श्यावर येते. त्यात हा सांडपाण्याचा पाइप, दाबासाठी बनवलेलाच नाही. आणि पाण्याचा दाब वेगळा, कोंडलेल्या हवेचा वेगळा. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर चीर जाते आणि पाणी सांडतं. हवेने फुगवलेला पीव्हीसी फुटला की त्याच्या धारदार कपच्या उडतात. हा पाइप आपण ओल्या अंगाने, उघड्या डोळ्यांनी, डोक्याच्या उंचीवर वापरणार. त्याच संध्याकाळी टायरचा व्हॉल्व्ह काढला आणि पोट आलेल्या जागी तिसरी पट्टी आली. इंटरनेटवर हवा भरायचे आराखडे भरपूर सापडतील. माझं मत विचाराल तर तो भाग बिनदिक्कत गाळा.

हवा काढल्यावर उरलं नुसतं गुरुत्वाकर्षण, आणि ते फार कंजूष आहे. पाण्याची एक मीटर उंची म्हणजे एक दशांश बार दाब, बाहेरच्या हवेच्या दाबाचा जेमतेम दहावा हिस्सा. आमच्या गाडीचा टप आणि हातातला फवारा यांत अर्धा-पाऊण मीटरच अंतर. आंघोळीच्या खोलीतला बारीक भोकांचा शॉवर लावला तर थेंब भोकालाच चिकटून बसतात. यावर उपाय अगदी साधा निघाला: झाडांना पाणी घालायच्या झारीचं तोंड. त्याची भोकं मोठी आणि मोजकी असतात, झारी चालतेच मुळी गुरुत्वाकर्षणावर. ते बसवलं आणि एका छोट्या स्टुलावर बसून अंघोळ करायला लागलो. बसल्यामुळे उंचीचा फरक वाढतो, धार सुधारते. घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला साधारण अडीच लिटर. घरच्या शॉवरला नऊ-दहा लागतात. कमी वाटतं, पण मऊ पावसासारखं पडतं आणि अंगावरचा साबण नीट जातो.

एक गोष्ट नवखे हमखास विसरतात, मीही विसरलो होतो. वरचं झाकण थोडं सैल केलं नाही तर पाणी गटगट करत थांबतं, कारण आत हवा जायला वाटच नसते. आता झाकणात एक बारीक भोक आणि त्याला रबरी बूच आहे. अंघोळीआधी बूच काढायचं, प्रवासात लावायचं.

ऊन. दहा लिटर पाणी २० अंशांवरून ४० वर न्यायला सुमारे ८४० किलोज्यूल लागतात. पाइपाची उन्हाला दिसणारी बाजू चौरस मीटरच्या सहाव्या हिश्श्याइतकी. त्यातलीही बरीच उष्णता वारा घेऊन जातो. स्वच्छ उन्हात गाडी उभी असेल तर तीन-चार तासांत पाणी छान कोमट होतं, ढगाळ दिवशी होत नाही, आणि धावत्या गाडीवर तर विचारूच नका. मुख्य म्हणजे ते टिकत नाही. ऊन उतरलं की तासा-दीड तासात पाइप गार. आम्ही अंघोळ रात्रीवरून दुपारी चार-साडेचारवर आणली. शॉवरने आमचं वेळापत्रक बदललं असं म्हणा ना. उलट कडक उन्हात पाणी भलतंच तापतं, म्हणून आधी हातावर घेऊन बघायचं. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजू शकतं.

ढगाळ दिवसांसाठी आणि थंडीसाठी जे केलं तेच आता आमचं मुख्य साधन झालंय: बादली आणि १२ व्होल्टचा छोटा बुडता पंप. बादलीत आधी सात लिटर गार पाणी, मग वरून तीन लिटर उकळतं. गार पाणी १५ अंशांचं असेल तर मिश्रण बरोबर ४० च्या आसपास येतं. उकळतं पाणी पाइपात कधीच ओतायचं नाही, कारण वर सांगितलंच. पंपाची वायर गाडीच्या लायटर सॉकेटला, मधे पाच अँपिअरचा फ्यूज. तीन अँपिअर खातो, दहा मिनिटांच्या अंघोळीला अर्धा अँपिअर-तास. बॅटरीला कळतही नाही.

पण खरी करामत पंपाची नाही, नळीच्या टोकाच्या खटक्याची आहे. बागेत वापरतात तसा दाबला की सुरू, सोडला की बंद. भिजायचं, सोडायचं, साबण लावायचा, पुन्हा दाबायचं. खटका नव्हता तेव्हा दहा लिटर एका माणसाला पुरत नव्हतं, साबण चोळेपर्यंत पाणी मातीत. आता दहा लिटरमध्ये आम्हा दोघांची अंघोळ होते, तीही कावळ्याची नव्हे, तिचे केस धुऊन. मी महिनाभर दाबाच्या मागे होतो आणि कमतरता खटक्याची होती. खटका बंद असताना हा पंप थोडा वेळ नुसता फिरत राहिला तरी बिघडत नाही, पण कोरडा मात्र चालवू नका. माझा पहिला पंप वाळूने गेला. आता तो जुन्या मोज्यात घालून बादलीत सोडतो.

बाकी कुरबुरी. पहिली नळी पारदर्शक घेतली, तीन महिन्यांत आतून हिरवी. काळ्या नळीत उजेड जात नाही, शेवाळ धरत नाही. रंग लावण्याआधी पाइप पॉलिश पेपरने घासला नाही, म्हणून पोपडे निघाले. पुन्हा घासून लावला तेव्हा टिकला. व्हॉल्व्हच्या आट्यांना टेफ्लॉन टेप आट्या फिरतात त्याच दिशेने गुंडाळा, उलटी गुंडाळली तर बसवतानाच सुटून येते. पीव्हीसीचं सोल्युशन लावून घाईने पाणी भरलं आणि जोड झिरपला, तो दोष माझ्या अधीरपणाचा.

प्रवास संपला की पाइप रिकामा करून झाकण उघडं ठेवतो. कोमट, साचलेल्या पाण्यात, २० ते ४५ अंशांत, लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि फवाऱ्याच्या तुषारांतून ते फुफ्फुसात जाऊ शकतात. प्यायला तर हे पाणी वापरायचंच नाही. थंडीत गोठायची भीती असेल तर रिकामा करणं आणखीच गरजेचं, बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. आणि साबण "निसर्गस्नेही" असला तरी ओढ्या-तळ्यापासून निदान ६० मीटर लांब. त्याचं विघटन करायचं काम मातीचं आहे, पाण्याचं नाही.

आता एकच बदल उरलाय. व्हॉल्व्ह मी हौसेने ड्रायव्हरच्या बाजूला काढला. मुक्कामी ती बाजू नेमकी रस्त्याकडे येते, आणि दर वेळी नळी टपावरून पलीकडे टाकावी लागते. पुढच्या महिन्यात पाइपच उलटा करून बसवणार आहे. रबरी वायसर चार जास्तीचे आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलेत, कारण मागच्या वेळी गेला तो वायसरच होता आणि तो सोडून सगळं सामान बरोबर होतं.